मशीनला पाच बायका लागतात

यादीत माझं नाव पहिलं होतं, आणि ते बघून मी आधी खूश झाले.

कँटीनच्या दाराशी नोटीसबोर्ड होता. दहाच्या चहाला आम्ही वाइंडिंगच्या बायका खाली उतरलो, तर त्याच्यापुढे ही गर्दी. मी उंच, मला मागूनही दिसायचं. नऊ नावं टाइप केलेली आणि सगळ्यात वर मृणाल रमाकांत शिरसाठ. मी चंद्रकलाला कोपरानं ढोसलं. "बघ, पहिला नंबर. शाळेत कधी आला नाही तो इथं आला."

चंद्रकला पुढे घुसली. चष्मा सावरून तिनं मथळ्यापासून वाचायला सुरुवात केली. कुठलाही कागद ती मथळ्यापासून वाचायची आणि मी नावापासून. वाचून झाल्यावर ती मागे आली आणि माझा दंड धरून, माझ्या माहेरच्या नावानं म्हणाली, "सिंधे, ही ठेवायच्यांची यादी नाही. काढायच्यांची आहे."

ही दोन हजार एक सालची गोष्ट. सातपूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी रिले, म्हणजे विजेचे आपोआप चालणारे छोटे स्विच, बनवायची. माणसं सगळी मिळून ऐंशी. रिलेच्या पोटात एक कॉइल असते, म्हणजे प्लास्टिकच्या बॉबिनवर गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. ती गुंडाळायचं काम आम्हा चौदा बायकांचं. तार किती ताणायची ते बोटाला कळावं लागतं. जास्त ताणली तर तुटते, सैल सोडली तर कॉइल फुगते. हे कळायला मला दोन वर्षं लागली होती. त्या साली कंपनीनं तेच काम करणारं मशीन मागवलं. मशीनवर पाच बायका पुरणार होत्या, म्हणून नऊ जणी जास्त झाल्या.

जास्त झालेल्यांना काढण्याचा नियम साधा असतो. शेवटी आलेली आधी जाते. त्या हिशेबानं माझं नाव यादीत यायलाच नको होतं. मी शहाऐंशी सालच्या मे महिन्यात लागले होते, चंद्रकलाच्या सुद्धा वर्षभर आधी. पण माझ्या नावापुढे रुजू झाल्याची तारीख होती अठरा जून एक्क्याण्णव. पाच वर्षं कुठे गेली ते मला बोर्डापुढे उभ्या उभ्याच कळलं, कारण ती मीच घालवली होती.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये माझं लग्न झालं. तोवर मी सिंधू गणपत कर्पे होते. सासरच्यांना सिंधू हे नाव जुनाट वाटलं. रमाकांतनं ताटातल्या तांदळात अंगठीनं 'मृणाल' असं लिहिलं आणि मी मृणाल झाले. पंधरा दिवसांची रजा संपवून कामावर आले ती पेढ्यांचा पुडा घेऊन थेट टाइम ऑफिसात गेले. तिथं असनारे नावाचे वयस्कर क्लार्क होते. ज्या मुलीचं नुसतं आडनाव बदलायचं तिच्या कार्डावर ते लाल शाईनं रेघ मारून वर नवं आडनाव लिहीत. माझं पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही बदललेलं.

"तुझ्या कार्डावर शिल्लकच काही राहत नाही गं," ते म्हणाले. "रेघोट्या मारू की नवं करू?"

"नवंच करा, काका," मी म्हटलं.

असं म्हणायला एक कारण होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नाही. आम्ही प्रत्येक ट्रेमध्ये आपल्या टोकन नंबराची चिठ्ठी टाकायचो. तपासणीत कॉइल बाद झाली की ती त्या नंबरावर चढायची. लग्न ठरल्यापासून माझं कामात लक्ष नव्हतं आणि माझ्या नंबरावर बरंच काही चढून बसलं होतं. नवं कार्ड म्हणजे नवा नंबर आणि कोरी पाटी. असनारेकाकांनी पेढा तोंडात टाकला, नव्या कार्डावर त्या दिवसाची तारीख घातली आणि जुनं कार्ड 'सोडून गेलेले' असं लिहिलेल्या फायलीत लावून टाकलं. फंडाचा नंबरही नवा पडला. पगार होता तेवढाच राहिला, म्हणून पुढं दहा वर्षं मी त्या कार्डाकडे ढुंकून बघितलं नाही. कंपनीच्या कागदांत मात्र सिंधू कर्पे नोकरी सोडून गेली होती आणि त्याच आठवड्यात मृणाल शिरसाठ नावाची कुणी नवी बाई लागली होती.

युनियनचे सेक्रेटरी निवृत्ती ढिकले टूलरूममध्ये होते. त्यांनी माझा अर्ज लिहिला. चार दिवसांत पर्सोनेल मॅनेजर देवस्थळींचं उत्तर आलं. मृणाल शिरसाठ यांचा सिंधू कर्पे यांच्याशी काही संबंध असल्याचा पुरावा नोंदीत आढळत नाही, सबब अर्ज नामंजूर. ढिकल्यांनी ते मला वाचून दाखवलं तेव्हा मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. माझाच माझ्याशी संबंध नाही म्हणे.

"देवस्थळी चार वर्षांपूर्वी आले," ढिकले म्हणाले. "असनारे त्याच्या आधीच वारले. त्या माणसानं तुम्हाला सिंधू म्हणून बघितलंच नाही. आपण कामगार खात्याकडे जाऊ. पण ताई, कागद लागेल."

मी घरातल्या सगळ्या पिशव्या उलट्या केल्या. शाळेचा दाखला सिंधूचा, रेशनकार्ड मृणालचं. लग्नपत्रिकेवर सिंधू होती, मतदार यादीत मृणाल. दोघींचे कागद माझ्याकडे ढीगभर होते, दोघी एकच असल्याचा एकही नव्हता. लग्न कुठे नोंदवलं नव्हतं. तेव्हा आमच्याकडे कोण नोंदवत होतं?

"मग माणूस लागेल," ढिकले म्हणाले. "त्या वेळी तुमच्या शेजारी बसणारं, आणि अजून नोकरीत असलेलं."

असं माणूस एकच होतं. ज्या पाच जणी मशीनवर राहणार होत्या, त्यांतल्या चौघी कंपनीचं ठाण्याचं युनिट बंद झालं तेव्हा, माझ्या लग्नानंतर, इकडे आलेल्या. त्यांनी मला मृणाल म्हणूनच ओळखलेलं. पाचवी चंद्रकला. चंद्रकला जेजुरकर माझ्या उजव्या हाताला चौदा वर्षं बसत होती. तिचं लग्न झालं नाही, म्हणून तिचं कार्डही एकच राहिलं. ती आईबरोबर भावाच्या घरात राहायची. घरात तिला मान होता, आणि तो कशामुळे होता ते तिला पक्कं ठाऊक होतं. "माझा पगार आहे तोवर वहिनी मला वन्सं म्हणते," असं ती हसत हसत सांगायची.

मी तिला विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मी येते ना. त्यात काय एवढं? खरं तेच सांगायचंय."

शनिवारी ढिकल्यांनी साक्षीदार म्हणून तिचं नाव देऊन टाकलं. सुनावणी पुढच्या शुक्रवारी होती. आता माझं नाव यादीतून निघणार, आठच बायका जाणार, असं मी धरून चालले होते. एक नाव खोडलं की एक माणूस वाचतो, एवढंच माझं गणित. ढिकल्यांनीही त्याच्या पुढचं काही सांगितलं नाही. त्यांना ते माहीत नसेल असं आता वाटत नाही.

मंगळवारी देवस्थळींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

हा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. आवाज कधी चढवायचा नाही, बायकांना उभं ठेवायचा नाही. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी पुढं केलं आणि एक कागद माझ्याकडे सरकवला.

"मृणालबाई, कायद्यानं जे मिळायचं ते मिळेलच. त्याच्यावर वर्षभराचा पगार कंपनी द्यायला तयार आहे. फक्त खात्याकडचा अर्ज मागे घ्यायचा. बाकी कुणालाही हे दिलेलं नाही."

"मला पैसे नकोत, साहेब. माझी पाच वर्षं द्या."

"तुम्ही सिंधू कर्पे आहात हे मला पटलंय," ते म्हणाले. "मी चौकशी केली. पण माझं पटणं आणि नोंद यांत फरक असतो."

"शुक्रवारी साक्ष झाली की नोंदही होईल."

"होईल," ते म्हणाले. "मग तुम्ही वर जाल. आणि तुमच्या जागी खाली कोण येईल, याचा विचार केलात?"

त्यांनी ड्रॉवरमधून दुसरी यादी काढली. चौदा नावांची, सेवाज्येष्ठतेनुसार. बोर्डावर फक्त खालची नऊ लावली होती. वरच्या पाचांत शेवटचं नाव चंद्रकला जेजुरकर होतं.

"नऊ म्हणजे नऊच," ते म्हणाले. "मशीनला पाच बायका लागतात, सहा नाही. तुम्ही शहाऐंशीच्या ठरलात की त्या तुमच्या खाली येतात. चूक त्यांची नाही, तुमचीही नाही. पण साक्ष त्या देणार आहेत."

पाण्याचा ग्लास रिकामा झाला होता आणि मी तो कधी प्यायले ते मला कळलं नव्हतं.

"तुम्ही पैसे घेतलेत तर दोघींचं भलं होईल," देवस्थळी म्हणाले. "शुक्रवारपर्यंत कागद माझ्याकडे आहे."

संध्याकाळी मी रमाकांतला सगळं सांगितलं. तो एका कापड दुकानात होता आणि दुकानच डळमळत होतं. मुली चौथीत आणि दुसरीत. त्यानं पायाचा अंगठा चोळत ऐकून घेतलं.

"तू काय चोरी करतेयस का?" तो म्हणाला. "तुझी वर्षं तू मागतेयस."

"चंद्रीला सांगायला हवं."

"सांग ना. पण शुक्रवार होऊ दे. आत्ता सांगितलंस आणि ती आली नाही तर? साक्षच नाही तर तू कोण?"

बोलण्यात त्याच्या काही खोट नव्हती. मी फटकळ बाई, सुपरवायझरला तोंडावर बोलणारी. एकदा पगार उशिरा झाला तेव्हा मालकाच्या गाडीपुढे उभी राहिले होते. मला आयुष्यात कुणी गप्प बस म्हटलं तर मी दुप्पट बोलले आहे. त्या दिवशी मात्र रमाकांतनं शुक्रवार होऊ दे म्हटलं आणि मला हायसं वाटलं. हे मला आज लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते. हायसं वाटलं.

बुधवारी चंद्रकला नेहमीसारखी आली. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली, तारेचं रीळ चढवलं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी खिडकीशी बसायचो. मी मेथीची भाजी नेली होती. तिला आवडते म्हणून जरा जास्तच नेली होती, हेही सांगायला हवं.

"शुक्रवारी काय विचारतील गं?" ती म्हणाली.

"हिला कधीपासून ओळखतेस, एवढंच."

"आणि मी बोलताना अडखळले तर?"

"तू कशाला अडखळशील?"

ती भाजी चिवडत होती. "कंपनीच्या विरुद्ध उभं राहायचं म्हणजे... काही त्रास नाही ना होणार मला?"

हे तिनं सरळ विचारलं. माझ्या तोंडात घास होता. मी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ चावला आणि म्हणाले, "ढिकले आहेत ना. साक्षीदाराला हात लावता येत नाही त्यांना."

ते खोटं नव्हतं. साक्ष दिली म्हणून तिला काढणार नव्हतेच. ती मान हलवून उठली आणि डबा धुवायला गेली.

गुरुवारी ती फारशी बोलली नाही. मीही बोलले नाही. दिवसभर दोघी शेजारी बसून तार गुंडाळत होतो, आणि माझी तार त्या दिवशी तीनदा तुटली. सुटल्यावर गेटपाशी तिनं विचारलं, "उद्या किती वाजता?"

"साडेदहा. उशीर करू नको."

"नाही करत," ती म्हणाली.

कामगार खात्याचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. अधिकारी शेवाळे मॅडम. टेबलावर फायलींच्या दोन भिंती आणि मध्ये त्यांचा चेहरा. एका बाजूला देवस्थळी आणि कंपनीचा वकील, दुसरीकडे ढिकले आणि मी. चंद्रकला भिंतीलगतच्या खुर्चीत बसली होती. तिनं सणासुदीची मोरपंखी साडी नेसली होती आणि पदर खांद्यावरून घट्ट लपेटला होता.

वकिलानं तासभर नोंदी वाचल्या. मग मॅडमनी चंद्रकलाला पुढे बोलावलं.

"या बाईंना ओळखता?"

"हो. सिंधू. म्हणजे आता मृणाल."

"सिंधू कर्पे म्हणून जी मुलगी कंपनीत होती ती हीच, हे कशावरून म्हणता?"

चंद्रकलानं एकदा माझ्याकडे बघितलं. "मी लागले तेव्हा तार धरायला हिनंच शिकवलं मला. हिच्या लग्नाला मी ओझरला गेले होते. नाव ठेवताना तांदळाचं ताट हलत होतं, म्हणून भटजींनी मला धरायला सांगितलं. हिच्या नवऱ्यानं त्यात नाव लिहिलं ते माझ्या हातातल्या ताटात."

"ते लग्नाचं झालं. कामावरचं सांगा," वकील म्हणाला.

"कामावरचंच सांगते. लग्नाला जायच्या दिवशी हिची एक कॉइल अर्धी राहिली होती. सुपरवायझर म्हणाले, फेकून द्या. मी ती रुमालात बांधून ड्रॉवरमध्ये ठेवली. पंधरा दिवसांनी ही आली, मंगळसूत्र घालून, आणि मी ती हिच्यापुढे ठेवली. हिनं बसल्या बसल्या ती पुरी केली. ती तपासणीत पास झाली. दुसरी बाई कुणाची अर्धी कॉइल उचलून पुरी करेल, साहेब? प्रत्येकीचा ताण वेगळा असतो. बाद होते ती."

मला त्या कॉइलची आठवणही नव्हती. वकिलानं देवस्थळींकडे बघितलं. देवस्थळी खाली बघत होते.

"तुम्ही ही साक्ष स्वखुशीनं देताय?" मॅडमनी विचारलं. "काही दबाव, काही आमिष?"

"नाही," चंद्रकला म्हणाली. "कुणीच काही सांगितलेलं नाही मला."

मॅडमनी तिची सही घेतली आणि तिला बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"देवस्थळी, ही नोंद चुकीची आहे हे मी लिहिणार. नोंद चुकीची म्हणजे तुमची यादी चुकीची. ती रद्द करून नवी लावावी लागेल, मुदत परत पहिल्यापासून. नाहीतर इथंच आपसात मिटवा."

देवस्थळींचा चेहरा प्रथमच उतरला. बाकीच्या आठ जणींनी नोकरी सोडण्याच्या कागदांवर सह्या केल्या होत्या आणि मशीन बसवणारी माणसं सोमवारी येणार होती. ढिकल्यांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मला कळलं की त्या घडीला माझ्या मागण्याला वजन होतं.

"मी मिटवते," मी म्हटलं. "पण मशीनवर सहा बायका ठेवा."

"पाच," देवस्थळी म्हणाले. "ते माझ्या हातात नाही, मृणालबाई. सहावीला काम काय देऊ?"

सहाचं मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ढिकल्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान वळवली, आणि ते पुढं काही बोलले नाहीत. त्यांनी खुणावलं असतं तर, देवस्थळी जरा रागावून बोलले असते तर, मी कदाचित तिथं खुंटा रोवून बसले असते. पण मला भीती वाटली की ताणलं तर माझंच तुटेल.

"मग मला जो वर्षभराचा पगार देणार होतात तो चंद्रकलाला द्या," मी म्हटलं.

"तो अर्ज मागे घेण्याबद्दल होता. त्यांचा अर्जच नाही."

"नाही दिलात तर मी सही करणार नाही. लावा नवी यादी."

मॅडमना मजा वाटली असावी. देवस्थळी फोन करायला बाहेर गेले, दहा मिनिटांनी आले आणि वर्षाऐवजी दहा महिन्यांचा पगार म्हणाले. मी वर्षावर अडून बसले. यावर मात्र मी अडले. शेवटी वर्ष ठरलं. कागद टाइप होऊन आला. माझी सेवा मे शहाऐंशीपासून अखंड धरली होती. मी मराठीत 'मृणाल रमाकांत शिरसाठ' अशी सही केली, आणि मॅडमच्या सांगण्यावरून खाली कंसात जुनं नावही लिहिलं. ढिकल्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

बाहेरच्या व्हरांड्यात चंद्रकला बाकावर बसली होती. मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. मी तिच्याशेजारी बसले. काय बोलायचं ते मी आत सह्या होत असताना जुळवलं होतं.

"झालं," मी म्हटलं. "माझी वर्षं मिळाली. पण चंद्रे, एक वाईट झालंय. मी वर गेले ना, त्यामुळे यादीत... मशीनला पाचच लागतात म्हणे. मी भांडले आत. तुला वर्षभराचा पगार जास्तीचा मिळेल, तो मी मागून घेतला. मला आत्ताच..."

"आत्ताच कळलं?" तिनं विचारलं.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

"देवस्थळी रविवारी आमच्या घरी आले होते," ती म्हणाली. "माझ्याशी नाही, दादाशी बोलले आधी. साक्षीला गेली तर नोकरी जाईल, असं सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं त्यांनी. यादीही दाखवली. जाताना म्हणाले, मंगळवारी मी मृणालबाईंनाही सांगणार आहे."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

"दादा आज सकाळपासून बोलत नाहीये माझ्याशी," ती म्हणाली. "वहिनीनं डबाही दिला नाही."

"मग तू आलीस कशाला?" माझा आवाज चढला. मला तिचाच राग आला होता. "का आलीस तू?"

"खरं होतं ते. तू आधी लागलीस, मी नंतर. त्यात माझ्या येण्या-न येण्यानं काय बदलणार होतं?" ती उठली, पदर सारखा केला. "पैसे घेईन मी. सोडणार नाही. कंपनीचे आहेत ते, तुझे नाहीत."

"चंद्रे, मी सांगणार होते."

"बुधवारी वाटलं सांगशील. भाजी एवढी आणलीस तेव्हा वाटलं, आता सांगेल. म्हणून तर विचारलं मी, त्रास होईल का म्हणून." ती जिन्याकडे निघाली, दोन पायऱ्या उतरली आणि तिथूनच म्हणाली, "सांगितलं असतंस तरी मी आले असते, सिंधे. एवढं चौदा वर्षांत तुला कळलं नाही?"

त्यानंतर तिनं मला भेटायचं टाळलं. भावाचं घर सोडून ती आईला घेऊन सिन्नरला गेली, एवढं ढिकल्यांकडून कळलं. मी त्या मशीनवर आणखी अकरा वर्षं काम केलं. मुलींची शिक्षणं झाली. थोरलीच्या लग्नाची पत्रिका मी सिन्नरला पाठवली होती. ती परत आली नाही आणि चंद्रकलाही आली नाही.

तिला वाटलं की ती येणार हे मला कळलं नव्हतं. तसंच वाटत राहू दे असं मी इतकी वर्षं म्हणत आले. रमाकांतलाही मी कधी सांगितलं नाही. पण ती येणार हे मला मंगळवारी केबिनमधून बाहेर पडतानाच पक्कं ठाऊक होतं. तिला सांगितलं असतं तरी ती आलीच असती. आणि मग येऊ नकोस, असं म्हणायची पाळी माझ्यावर आली असती.